ताई, बॉल!

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा मी माहेरी होते. आईला एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते आजही कळत नाही, पण हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा कॅच पकडला तेव्हा ती सोफ्यावरून उठून उभी राहिली. बाबा डोळे पुसत होते आणि चष्मा पुसतोय असं दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉलनीच्या मागच्या मैदानावर गेले. मुद्दाम गेले. काल रात्री एवढं सगळं झालंय, तर आज काहीतरी दिसेल असं उगाच वाटत होतं. मैदानावर क्रिकेटचे पाच डाव एकमेकांत घुसून चालले होते. एकाचा थर्ड मॅन दुसऱ्याच्या मिडऑनला टेकून उभा. कोण कुणाच्या टीममध्ये आहे हे बाहेरच्या माणसाला कळणं अशक्य, पण आतल्या प्रत्येकाला पक्कं माहीत. फाटकाजवळच्या पट्टीत दोन मुली बॅडमिंटन खेळत होत्या, जाळीशिवाय. बाकी मुली आणि बायका कडेच्या ट्रॅकवर गोल गोल चालत होत्या. एक बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला आणि लांबून आवाज आला, "ताई, बॉल!"

मी फेकला. तो भलतीकडेच गेला. पोरगा हसत म्हणाला, "काल फायनल नाही का बघितली?"

हे 'ताई, बॉल' मी वयाच्या आठव्या वर्षापासून ऐकत आलेय. तेव्हा नुसतं 'ए, बॉल' असायचं. लवकरच 'काकू, बॉल' होईल. मैदानाशी माझं एवढंच एक अधिकृत नातं आहे.

नंतरचे काही आठवडे फोनवर गोष्टी येत राहिल्या. शेफाली वर्माची गोष्ट तर तुम्हीही दहा वेळा पाहिली असेल. रोहतकमध्ये मुलीला अकादमीत घेईनात, म्हणून वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापले आणि तिला मुलांमध्ये खेळायला धाडलं. स्मृती मानधना सांगलीत भावाच्या मागोमाग नेटमध्ये जायची, तीही गोष्ट आली. सगळ्या खऱ्या. मी त्या पाहून रडलेही आहे. पण शेफालीची गोष्ट चौथ्यांदा समोर आली तेव्हा रडू आलं नाही, वेगळंच काहीतरी खटकलं. आपण ही गोष्ट बापाच्या हुशारीची म्हणून सांगतो. ती एका शहरातल्या मैदानांबद्दलची तक्रारसुद्धा आहे. ती तक्रार कुणीच वाचत नाही. केस कापणारा बाप हिरो ठरतो, आणि ज्यांनी मुलगी म्हणून तिला दारातून परत पाठवलं ते गोष्टीतून अलगद बाहेर पडतात.

मग डिसेंबरभर मी मुलींच्या खेळावरचे आपले सिनेमे पुन्हा पाहिले. काही पूर्ण, काही पुढे ढकलत. या वेळी गाणी, मेडल, राष्ट्रगीत याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. एकच प्रश्न विचारायचा: ही मुलगी खेळते कुठे, आणि ती जागा कुणाची आहे?

'दंगल'पासून सुरुवात केली. तो सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यात या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात स्वच्छ दिसतं. महावीर फोगाट मुलींना गावच्या आखाड्यात घेऊन जातो, तिथे नकार मिळतो. तो वाद घालत बसत नाही. आपल्या शेतात माती खणून स्वतःचा आखाडा तयार करतो. मॅट मागायला सरकारी कार्यालयात जातो, तिथेही नकार, मग गाद्या जोडून मॅट होते. थिएटरमध्ये या दोन्ही प्रसंगांना टाळ्या पडल्या होत्या, मीही वाजवल्या होत्या. आता पाहताना वाटलं, नितेश तिवारींनी हा प्रश्न किती चटकन मिटवून टाकला! गावचा आखाडा जसा होता तसाच राहिला. तिथल्या कुणाला काहीच बदलावं लागलं नाही. ज्याच्याकडे शेत आहे तो आखाडा बांधेल. ज्याच्याकडे नाही त्याच्या मुलींचं काय, हे विचारायला सिनेमाला वेळ नाही, कारण गीताला पुढे राष्ट्रकुल स्पर्धेला जायचंय. पुढे गीता पोरांशी कुस्ती खेळायला दंगलीत उतरते तीही का? तर पोरगी लढणार म्हटल्यावर गर्दी होईल, हे आयोजकांच्या लक्षात येतं म्हणून. म्हणजे सार्वजनिक जागेत तिला प्रवेश मिळतो तो तमाशा म्हणून. सिनेमा हे दाखवतो आणि हसून पुढे जातो.

एकदा हे दिसलं की सगळीकडेच दिसायला लागतं. 'घूमर'मध्ये हात गमावलेली अनिना शिकते ती प्रशिक्षकाच्या घरच्या आवारात, तिथेच खेळपट्टी तयार होते. 'स्केटर गर्ल'मध्ये राजस्थानातल्या गावात स्केटपार्क होतो, कारण महाराणी जमीन देते. महाराणीच्या भूमिकेत वहिदा रहमान आहेत, त्यामुळे आपण काही बोलू शकत नाही. पण किती मुलींना महाराणी भेटणार? 'दिल बोले हडिप्पा'मधली राणी मुखर्जी मैदानावर जाते ती फेटा बांधून, दाढी चिकटवून. 'चक दे! इंडिया'मधल्या मुलींची गोष्ट थेट राष्ट्रीय शिबिरापासून सुरू होते. तोवर त्या सोळा जणी झारखंडमध्ये, मणिपूरमध्ये, हरियाणात कुठल्या मैदानावर, कुणाच्या नजरा चुकवून, किती वाजेपर्यंत खेळल्या हा भाग आधीच उरकलेला आहे. मला 'चक दे' अजूनही आवडतो. त्यातली खाण्याच्या ठिकाणची मारामारी लागली की मी चॅनेल बदलत नाही. पण लक्षात घ्या, सार्वजनिक जागेसाठी मुली जी एकमेव लढाई लढतात ती बर्गरच्या दुकानात.

थोडक्यात, खासगी शेत, प्रशिक्षकाचं अंगण, महाराणीची जमीन, खोटी दाढी नाहीतर सरळ राष्ट्रीय संघ. आपल्या सिनेमातली मुलगी साध्या मैदानावर, संध्याकाळी साडेपाचला, स्वतःच्या नावाने खेळताना जवळजवळ दिसतच नाही. तिला तिथे जाऊ द्यावं लागू नये म्हणून पटकथा वाट्टेल ते करायला तयार असतात.

'शाबाश मिठू' फार जमलेला सिनेमा नाही. पण त्यात नूरी नावाची एक मुलगी आहे आणि मी सिनेमा संपल्यावर मितालीपेक्षा तिचाच जास्त विचार करत होते. भरतनाट्यम शिकणाऱ्या छोट्या मितालीला क्रिकेटची चटक लावते ती नूरी. नूरी बिनधास्त आहे, मुलांचे कपडे घालून मुलांत खेळते. पुढे निवडीची वेळ येते आणि नूरीचं लग्न होऊन जातं. पटकथेसाठी तिचं काम तिथे संपतं: हिरॉइनला खेळ देऊन बाजूला होणं. वाईट याचं वाटतं की नूरीला खेळायला जी जागा होती ती तिने चोरलेली होती. घरच्यांना कळलं की गेली. हक्काची असती तर? निवड झाली नसती तरी चाललं असतं. लग्नानंतरही रविवारी सकाळी दोन ओव्हर टाकून आली असती. नूरीची गोष्ट लिहायला कुणी बसलं तर तो निराळाच सिनेमा होईल, आणि त्याच्या शेवटी राष्ट्रगीत नसेल.

आता 'झुंड'. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण या सगळ्यांत मैदान म्हणजे काय हे खरोखर कळलेला दिग्दर्शक एकच आहे. नागराज मंजुळेंचा 'सैराट' सुरूच होतो क्रिकेटच्या मॅचने, त्या अफाट कॉमेंट्रीसकट. मैदानात कोण खेळतं, ट्रॉफी कोण देतं, भाषण कोण ठोकतं, यावरून गावाची सगळी उतरंड पहिल्या काही मिनिटांत मांडून होते. ( त्या मॅचमध्ये एकही मुलगी खेळत नाही, हे मला २०१६ साली दिसलंही नव्हतं.) 'झुंड'मध्ये तर मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये चक्क भिंत आहे. अलीकडे नागपुरातली झोपडपट्टी, पलीकडे कॉलेजचं हिरवं मैदान. जातीबद्दल, वर्गाबद्दल एवढं बोलणारी भिंत हिंदी सिनेमात मी दुसरी पाहिलेली नाही.

त्यातला पावसातला प्रसंग आठवा. पोरं काही करत नाहीयेत. नुसती आहेत. पावसात एक प्लास्टिकचा डबा लाथाडतायत. बच्चनचा प्राध्यापक विजय बोराडे ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी फुटबॉल घेऊन येतो, अर्धा तास खेळलात तर पाचशे रुपये देतो म्हणतो. पोरं पैशासाठी खेळतात. मग एक दिवस पैसे नसतानाही खेळतात. हा सगळा भाग अप्रतिम आहे. खेळ कसा लागतो हे इतकं खरं क्वचित दाखवलं गेलंय. कुणी प्रतिभावान नाही, कुणाचं स्वप्न नाही, कुणाचा बाप केस कापत नाही. पोरं तिथे आधीपासून रिकामटेकडी होती, म्हणून फुटबॉल त्यांना सापडला.

आणि नेमकी हीच गोष्ट मुलींच्या वाट्याला येत नाही. त्याच वस्तीतल्या त्याच वयाच्या मुली त्या पावसात कुठे होत्या? सिनेमा सांगत नाही, पण आपल्याला माहीत आहे. घरात, नळावर, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. पावसात डबा लाथाडत उभं राहणं हे ज्याला जमतं त्यालाच प्राध्यापक दिसणार. मुली 'झुंड'मध्ये येतात, पण उशिरा येतात, आणि प्रत्येक जण आपली एक अडचण घेऊन येते. रझिया संसाराच्या जाचातून सुटून येते. रिंकू राजगुरूची मोनिका येते तेव्हा तिचे वडील तिच्या पासपोर्टसाठी कागद गोळा करत वणवण फिरत असतात. तो भाग हृदयाला हात घालतो, पण बारकाईने बघा. मुलांची गोष्ट मैदानावर घडते, मुलींची गोष्ट मैदानापर्यंत पोचण्यात संपते. मैदानावर त्यांचं काय झालं, त्यांची भांडणं, त्यांचा आळशीपणा, त्यांची पाचशे रुपयांची लालूच, हे मला पाहायचं होतं. भिंतीवरची सूचना एवढ्या नेमकेपणाने वाचणाऱ्या मंजुळेंना दुसरी भिंत थोडी कमी दिसली असं मला वाटतं. ती विटांची नाही, घड्याळाची आहे. दिवेलागणीला ती उभी राहते.

माझीच गोष्ट सांगते. मी तिसरीत असताना दादाबरोबर मैदानावर जायचे. तिथे मी 'कच्चा लिंबू' होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कच्चा लिंबू म्हणजे खेळात आहे, पण हिशोबात नाही. आउट झालं तरी आउट नाही, कॅच घेतला तरी विकेट नाही. दोन्ही टीमकडून फिल्डिंग करायची. बहुतेक मुलं पहिल्यांदा कच्चा लिंबूच असतात. दादाचा मित्र होता, माझ्याच वयाचा, तोही माझ्याबरोबर कच्चा लिंबू होता. आम्ही दोघंही सारखेच भयाण खेळायचो. दोन वर्षांनी तो सहाव्या नंबरला बॅटिंगला यायला लागला. मी पाचवीत गेल्यावर मला आईने सांगितलं की आता तू जाऊ नकोस, तिथे सगळी मोठी मुलं असतात. मैदानावर संडास नव्हता, आजही नाही. मुलं भिंतीकडे तोंड करून मोकळी होतात. मला घरी पळत यावं लागायचं आणि परत जाईपर्यंत माझी बॅटिंग निघून गेलेली असायची. दादा माझ्या बाजूने भांडला नाही. त्याला राग येईल, पण भांडला नाही. मलाही तेव्हा फार काही वाटलं नाही, कारण मी वाईटच खेळत होते. वाईट खेळणाऱ्या मुलीने मैदान सोडलं तर त्यात कुणाचं काय नुकसान?

हा प्रश्न मला खूप उशिरा प्रश्न वाटला. तो मित्रही वाईटच खेळत होता. आजही वाईट खेळतो. पस्तिशीत पोट सुटलंय आणि रविवारी सकाळी त्याच मैदानावर चालू बॉलला बॅट फिरवून बोल्ड होतो. त्याच्याकडे कुणी मेडल मागितलं नाही. त्याला आयुष्यभर वाईट खेळायची मुभा आहे. मला चांगलं खेळले तरच मिळाली असती, आणि तीही दाढी लावून.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. मुंबईतल्या बायका शहर कसं वापरतात याचा त्यात अभ्यास आहे. बाई रस्त्यावर असते तेव्हा तिला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून ती भरभर चालते, हातात पिशवी किंवा फोन धरते, हे त्यांचं निरीक्षण आहे. आणि मागणी अशी की सुरक्षितता वगैरे राहू द्या, बायकांना विनाकारण भटकता आलं पाहिजे. मैदानांना हे जसंच्या तसं लागू होतं. ट्रॅकवर चालणाऱ्या बायकांना 'वॉक' हे काम आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. मैदानाच्या मधोमध मात्र काम नसलेली माणसं लागतात. आपल्या सिनेमांनी मुलीला मैदानावर आणलं ते देशाचं काम देऊन. बिनकामाची तिला एकदाही येऊ दिली नाही.

बिनकामाच्या, साध्या मुलींनी मैदान मागितल्याची गोष्ट मला अखेर सिनेमात सापडलीच नाही. ती सापडली एका खटल्यात, आणि तोही लॉस एंजेलिसचा. तिथल्या सॅन फर्नांडो व्हॅलीत मुलींची एक सॉफ्टबॉल लीग होती. मुलांच्या बेसबॉल लीगना शहराच्या बागांमधली चांगली मैदानं वर्षानुवर्षं मिळत होती. मुलींच्या वाट्याला पडकी, उसनी मैदानं, आणि तीही कायमची नाहीत. १९९८ साली एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने त्यांच्या वतीने शहरावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली, शहराला मुलींच्या खेळासाठी वेगळा कार्यक्रम आखावा लागला. शाळा-कॉलेजांसाठी अमेरिकेत १९७२पासून 'टायटल नाइन' हा कायदा होताच, पण शहराच्या बागा त्यात बसत नव्हत्या. ती फट बुजवायला २००४ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला. नगरपालिका आणि काउंटींनी मुलामुलींच्या खेळांत, मैदानं देण्यात भेदभाव करायचा नाही.

मी तो कायदा वाचला. कंटाळवाणा आहे, आणि माझ्या मते या विषयावरचा आजवरचा सगळ्यात चांगला मजकूर आहे. भेदभाव झाला की नाही हे ठरवताना काय काय बघायचं, याची त्यात यादी आहे. सरावाच्या वेळा काय दिल्या. परमिट कुणाला मिळालं. साहित्य कसं आहे. प्रशिक्षक कोण. कपडे बदलायला जागा आहे का. मैदान घरापासून कुठे आहे. त्यात बाप नाही. प्रतिभा नाही. मुली चांगल्या खेळतात का, असं कुठेच विचारलेलं नाही. 'दंगल'ला जो प्रश्न अडीच तासांत सुचला नाही तो इथे एका कलमात आहे: मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता दिवे असलेलं मैदान कुणाला मिळतं?

आपल्याकडे हा प्रश्न विचारायचाच झाला तर कुणाला विचारायचा, इथून तयारी आहे. शहराच्या विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर 'खेळाचं मैदान' असं आरक्षण असतं. ते मिळवायला, टिकवायला लोक वर्षानुवर्षं भांडतात आणि ते भांडण महत्त्वाचंच आहे. पण कोण, किती वाजता, हे त्या नकाशात नसतं. ते जो आधी स्टंप ठोकतो तो ठरवतो. आता तर भाड्याची टर्फ आली आहेत. तासावर पैसे, रात्री अकरापर्यंत फ्लडलाइट, बॉक्स क्रिकेट. दिवे आले, पण पैसे भरून, ग्रुप करून, रात्री साडेनऊला बाहेर पडू शकणाऱ्यांसाठी आले. कॉलेजातल्या मुलींनी वर्गणी काढून टर्फ घेतलेलं मी पाहिलंय, मस्त वाटलं. आठवीतली मुलगी कुणाच्या वर्गणीत बसणार?

अगदीच काही घडलं नाही असं नाही. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात 'परचम' या गटाच्या मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी सह्यांची मोहीम काढून लोकप्रतिनिधीकडे मुलींसाठी मैदानाची मागणी केली होती. नकाब घातलेल्या, न घातलेल्या सगळ्याच. कुणाच्या शेतात खेळायला गेल्या नाहीत, सार्वजनिक जागाच मागितली. मुलींसाठी वेगळं मैदान असावं का, यावर आमच्या मैत्रिणींमध्ये रात्रभर वाद होऊ शकतो. वेगळं दिलं की उरलेलं सगळं मुलांचं असं आपोआप ठरतं, हे खरं आहे. मला स्वतःला राखीव तास फारसा आवडत नाही. पण पाचवीतल्या मला तो मिळाला असता तर मी तो नक्की घेतला असता.

याहून साधी युक्ती मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात आहे. तिथे २०१५मध्ये स्केटपार्क सुरू झाला आणि नियम दोनच ठेवले. शाळेत गेला नाहीत तर स्केटबोर्ड नाही. आणि मुली आधी. मुलीला बोर्ड हवा असेल तर मुलाने द्यायचा, बस्स. दोनच शब्दांचा नियम. पण यात मुलीला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही, मुलालाच काहीतरी सोडावं लागतं. 'दंगल'मध्ये गावातल्या एकाही पैलवानाला काही सोडावं लागलं नव्हतं.

एक मित्र म्हणतो, अगं पण मुली येतच नाहीत, मैदान तर सगळ्यांना मोकळंच आहे. मी त्याला आमच्या मैदानावरची नवरात्र दाखवते. नऊ दिवस तिथे दिवे लागतात, फिरते संडास येतात, फाटकावर माणसं उभी राहतात, वाट झाडून घेतात. आणि रात्री दहापर्यंत मैदान मुलींनी भरून वाहतं, अगदी मधोमध. आया स्वतः सोडायला येतात. याच आया इतर दिवशी सातच्या आत घरात म्हणतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मांडव, दिवे, संडास सगळं ट्रकमध्ये जातं आणि मैदान पुन्हा 'सगळ्यांना मोकळं' होतं.

जानेवारीत मी पुन्हा माहेरी गेले तेव्हा फाटकाजवळच्या त्या पट्टीत, बॅडमिंटनच्या जागी, चार मुली क्रिकेट खेळत होत्या. प्लास्टिकची बॅट, स्टंपच्या जागी कुणाचं तरी दप्तर. वर्ल्ड कपमुळे असेल, नसेलही. त्यांतली एक आठ-नऊ वर्षांची पोरगी बॅटिंग करत होती. मी बघत होते तेवढ्यात ती तीनदा आउट झाली. पहिल्यांदा म्हणाली ट्रायल होता, दुसऱ्यांदा म्हणाली बॉल टप्पा पडून आला, तिसऱ्यांदा काहीच बोलली नाही, नुसती बॅट पाठीमागे लपवून उभी राहिली. इतकं वाईट खेळताना मी बऱ्याच दिवसांत कुणाला पाहिलं नव्हतं. बाकीच्या तिघी तिच्यावर ओरडत होत्या, आणि ती काही केल्या बॅट सोडायला तयार नव्हती.